या महिन्याचा पाठ : आई गेल्यावर तिची कामं कोण करतं?



मागच्या पाठात आपण कर्जाच्या हप्त्यांचा हिशोब कसा ठेवायचा ते बघितलं. या वेळचा पाठ जरा जड आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. मध्येच कुणाचे डोळे भरून आले तर थांबावं, पाणी प्यावं, मग पुढे वाचावं. घाई नाही.

या विषयावर माझ्याकडे प्रशिक्षणाची पत्रकं होती. ती बाजूला ठेवली आणि आपल्याच खाडीकाठच्या एका घराची गोष्ट लिहायला घेतली. त्या घरातल्या मुलीची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेतली आहे. नाव, गाव देत नाही. ज्यांच्या लक्षात येईल त्यांनी मनात ठेवावं, एवढी विनंती.

पितृपक्ष सुरू आहे. या पंधरवड्यातल्या नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, नवरा असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध घालतात. यंदा त्या घरात पहिली नवमी. उत्तन, पाली, डोंगरीकडच्या आपल्या ख्रिस्ती मैत्रिणी २ नोव्हेंबरला फुलं आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातात. त्या एका दिवशी सगळं घर आईला आठवतं, तिच्या आवडीचं रांधतं. मला लिहायचं आहे ते बाकीच्या दिवसांबद्दल.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आपल्या एका गटातली ताई गेली. वय ४३. सहा वर्षं गटात, एकही बैठक चुकवली नाही. उत्तनहून सुके बोंबील, सुकट, वाकट्या आणायच्या, निवडायच्या आणि भाईंदरच्या बाजारात बसून विकायच्या, हा तिचा धंदा. ताप आला, तिने अंगावर काढला. "उद्या बघू," म्हणत तीन दिवस बाजारात बसली. पाचव्या दिवशी गेली. मागे नवरा, तो स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला. गुडघ्यांनी बसलेली सासू. बारावीत शिकणारी १७ वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा.

आता आधी माझी चूक सांगते. सहाव्या दिवशी आम्ही तिघी भेटायला गेलो. महिनाअखेर होती, दुसऱ्या गटाकडे पुढे जायचं होतं, म्हणून माझ्या पिशवीत गटाचं रजिस्टर होतं. बोलता बोलता आमच्यातली एक म्हणाली, "तिचा हप्ता राहिलाय तेवढा, पण ते बघू नंतर." बोलणारीच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मुलीने माझ्या पिशवीतून डोकावणारं रजिस्टर बघितलं आणि आत निघून गेली. आम्ही वसुलीला आलो असं तिला वाटलं, हे तिने मला पुढे चार महिन्यांनी सांगितलं. तेव्हापासून मी मयताच्या घरी जाताना रजिस्टर ऑफिसात ठेवून जाते. तुम्हीही ठेवा.

तेरावं झालं. पाहुणे गेले. शेजारच्यांनी आणून दिलेले डबे थांबले. साधारण महिन्याने मी दुसऱ्याच कामासाठी त्या गल्लीत गेले होते, म्हणून सहज डोकावले. सकाळचे अकरा वाजले होते, कॉलेजची वेळ. मुलगी विळीवर बसून कोळंबी सोलत होती. एका बाजूला कुकर, दुसरीकडे आजीचं पायाला शेकायचं पाणी. मला बघून हसली. "मी ठीक आहे ताई, बसा ना." मी बसले. विचारलं, आज सुट्टी आहे का? ती म्हणाली, "तेराव्यापासून गेलेच नाही."

तिला कुणी कॉलेज सोड म्हणालं नव्हतं. वडील नाहीत, आजी नाही, आत्या नाही. तिला कुणी काहीच म्हणालं नव्हतं. आई गेली, दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि ते कुणीतरी भरायला हवं होतं. तिने भरलं. संध्याकाळी वडिलांचा रात्रपाळीचा डबा हवा होता. तिने केला. असं एकेक करत महिनाभरात अख्खी आई तिच्या अंगावर आली होती. आणि लोक कौतुक करत होते: "पोर किती समजूतदार, सगळं घर सांभाळलं बघा." हे कौतुक ऐकून ऐकून तिला रडायचीही चोरी झाली होती. समजूतदार मुलगी रडणार कशी?

मला हे ओळखायला वेळ लागायला नको होता. कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. माझं गाव जव्हारकडचं. एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझी आई गेली. आमच्या अभ्यासात दुःखाच्या पाच पायऱ्या होत्या, नाकारण्यापासून स्वीकारण्यापर्यंत. एलिझाबेथ कुब्लर-रॉस नावाच्या डॉक्टर बाईंनी त्या १९६९ साली मांडल्या. मला पाठ होत्या. आई गेल्यावर मी वाट बघत बसले की पहिली पायरी कधी येते. ती आलीच नाही. मी बाराव्याच्या पंगतीत पत्रावळी मोजत होते, वाढप्यांना सूचना देत होते. सगळे म्हणाले, शिकलेली आहे, खंबीर आहे. नंतर ते पुस्तक नीट वाचलं तेव्हा कळलं की त्या बाईंनी त्या पायऱ्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून लिहिल्या होत्या, मागे राहिलेल्यांबद्दल नाही. आपण मागे राहिलेले. आपल्याला जिना नसतो. आपलं दुःख भरती-ओहोटीसारखं येतं-जातं, आणि त्याची वेळ पंचांगात लिहिलेली नसते.

माझं दुःख आलं ते पाच महिन्यांनी, मसाल्याच्या बरणीतून. आमच्याकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करतात. आईने मे महिन्यात केलेला मसाला जानेवारीत तळाला गेला. चमचा बरणीच्या तळाला लागला आणि माझ्या लक्षात आलं की मिरची किती, धणे किती, दगडफूल किती, हे मला माहीत नाही आणि आता विचारायचं कुणाला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात खाली बसले ती संध्याकाळपर्यंत उठले नाही. बाबा घाबरले. त्यांना वाटलं, इतके दिवस बरी होती, आता काय झालं?

म्हणून सांगते, एखादी मुलगी महिनाभर रडली नाही तर ती सावरली असं धरू नका. आणि सहा महिन्यांनी एकदम रडायला लागली तर तिला "अजून काय तेच धरून बसलीस" म्हणू नका. साने गुरुजींची आई १९१७ साली गेली, तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते, शेवटची भेटही झाली नाही. 'श्यामची आई' त्यांनी लिहिलं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात. मध्ये १५ वर्षांहून जास्त काळ गेला, आणि तरी ते सगळं कालच घडल्यासारखं आठवत होतं. आपल्या घरातली १७ वर्षांची पोर महिन्यात कशी मोकळी होईल?

परत त्या घराकडे येऊ. पुढच्या रविवारी वडील घरी असताना गटातल्या चार जणी आणि मी गेलो. मी ठरवलं होतं की धीर देणारं भाषण करायचं नाही. एक कोरी वही काढली आणि म्हटलं, ताई दिवसभरात काय काय करायची ते आपण सगळे मिळून लिहू. आजीने सुरुवात केली. पहाटे पाणी भरणं. देवापुढचा दिवा. धाकट्याला उठवणं, आंघोळ, डबा, बूट शोधणं. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. वडील रात्रपाळीहून आल्यावर चहा, ते झोपले की मुलांना गप्प बसवणं. उत्तनला जाऊन माल बघणं, भाव करणं, टेम्पोवाल्याशी बोलणं. बोंबलातला बारीक आणि मोठा वेगळा काढणं. बाजारात बसणं. उधारी लक्षात ठेवणं. रेशन. गॅसचा नंबर लावणं. लाइटबिल. शाळेतली पालकसभा. गटाचा हप्ता. कोणाच्या लग्नात आपल्याला किती आहेर आला होता आणि आपण किती द्यायचा, हेसुद्धा. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "माझं बीपी वाढलं की रात्री मला बघायला तीच यायची, तेही लिही."

३४ कामं झाली. वडील ऐकत होते, काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्या हातातला पेन मागून घेतला आणि खाली ३५वं लिहिलं: "माझ्या पाठीला तेल." आणि उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने तोंड धुऊन परत आले.

त्यानंतर वाटणी केली. हे लिहिताना सोपं वाटतं, प्रत्यक्षात तीन तास लागले आणि दोनदा भांडण झालं. आजी म्हणत होती, पुरुषमाणूस चुलीपाशी बरा दिसत नाही. वडीलच म्हणाले की मी सकाळी सातला घरी येतो, पोरांचा डबा मी भरीन, मग झोपेन. रेशन, गॅस, लाइटबिल त्यांच्याकडे गेलं. धाकट्याला शाळेतून आणायचं काम गटातल्या दोघींनी आठवडा वाटून घेतलं, त्यांचीही मुलं त्याच शाळेत आहेत. आजीने बसल्या बसल्या मासळी निवडायची. गोळ्यांसाठी सकाळचा आणि रात्रीचा असे दोन रंगीत डबे केले. मुलीकडे संध्याकाळचा स्वयंपाक आणि रविवार राहिला. काही कामं कुणीच घेतली नाहीत, ती गळून पडली. दारातली रांगोळी थांबली. चालतं. सगळी ३५ कामं चाललीच पाहिजेत असं नाही.

एक गोष्ट मात्र गटाने अगदी वेळेवर केली, आणि ती मला सुचली नव्हती. आपल्या एका मावशींना सुचली. बाजारातली बसायची जागा! महिनाभर जागा रिकामी राहिली की तिथे दुसरं कुणी बसतं, आणि मग "मेलेल्या बाईची जागा" परत मागायला १७ वर्षांची मुलगी कुठे भांडणार? गटातल्या दोघींनी आळीपाळीने तिथे आपली टोपली मांडली आणि आजूबाजूच्या बायकांना सांगून ठेवलं की ही जागा त्या पोरीची आहे, आम्ही राखतोय. धंदा मुलीने करावा की नाही हे तिचं ती नंतर ठरवेल. पण ठरवायला जागा तर राहिली पाहिजे.

उधारी मात्र बुडाली, बरीचशी. ताईच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. तीन गिऱ्हाइकं आपणहून पैसे द्यायला घरी आली, त्यातली एक तर मीरा रोडहून. बाकीची आली नाहीत.

धाकट्याबद्दल लिहायलाच हवं. त्याला कुणीतरी प्रेमाने सांगितलं होतं की आई झोपली आहे, आता उठणार नाही. तेव्हापासून तो स्वतः झोपेना, आणि दिवसा वडील झोपले की त्यांना हलवून उठवी. रात्रपाळीचा माणूस, झोप मोडली की चिडायचा, एकदा त्याने पोराला मारलंही. कुणाच्या लक्षात आलं नाही की तो बाप जिवंत आहे का ते बघतोय. लहान मुलांना खरं सांगावं, त्यांना कळेल अशा शब्दांत: आईला खूप ताप आला, तिचं शरीर बंद पडलं, ती आता परत येणार नाही, तुझ्यामुळे काही झालेलं नाही, आणि तुला सांभाळायला आम्ही आहोत. झोप, गावाला जाणं, देवाने आवडली म्हणून नेली, असलं काही सांगू नये. देवाला मीही आवडलो तर, असं पोराच्या मनात येतं. मुलं तेच तेच पुन्हा विचारतात, तेच तेच पुन्हा सांगावं. आणि मूल दहा मिनिटं रडून लगेच खेळायला पळालं तर त्याला आईचं काही वाटत नाही असं समजू नये. मुलांचं दुःख तसंच असतं, तुकड्यातुकड्याने.

आईविना मूल वाढत नाही असं आपल्याकडे फार बोलतात, तेही मुलासमोरच. जोतिबा फुल्यांची आई चिमणाबाई ते साधारण वर्षाचे असताना गेल्या. त्यांना वाढवलं नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. बाबासाहेबांच्या आई भीमाबाई १८९६ साली साताऱ्यात गेल्या, तेव्हा भीमराव पाच वर्षांचे. त्यांना सांभाळलं त्यांच्या आत्याने, मीराबाईंनी. या दोन बायकांची नावं आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येतात, म्हणून इथे मुद्दाम लिहिली. गटातली जी मावशी धाकट्याला शाळेतून आणते, तिलाही मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मी काय, रस्त्यातच शाळा आहे."

आता कागदपत्रं. रडू येत असताना कागदांचं बोलणं कठोर वाटतं, पण कागदांना मुदत असते आणि मुदत कुणासाठी थांबत नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंदीसाठी कळवण्याचं काम दवाखान्याचं, घरी झाला तर घरच्यांचं, आणि त्यासाठी मृत्यूचं कारण लिहिलेलं डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे ही नोंद महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात होते. २१ दिवस उलटून गेले तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, त्यानंतर वर्षाच्या आत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. फॉर्मवर नाव आधार कार्डासारखंच लिहिलं आहे ना, हे सही करण्याआधी दोनदा वाचा. ताईच्या दाखल्यावर माहेरचं घरातलं नाव पडलं होतं. ती एक चूक दुरुस्त करायला दोन महिने गेले. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या.

मग पासबुक काढा आणि मे महिन्याच्या शेवटाजवळ ४३६ रुपये कापल्याची ओळ शोधा. ती ओळ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. १८ ते ५० वयात सुरू करता येतो, ५५ पर्यंत चालतो, आणि कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. पहिल्यांदाच काढला असेल तर पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूला लागू होतो. २० रुपयांची ओळ असेल तर ती सुरक्षा विम्याची, तो अपघातासाठी. बँकेत मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि दाव्याचा फॉर्म द्यावा लागतो, शक्यतो ३० दिवसांच्या आत. या घरात ४३६ ची ओळ सापडली. ताईने तीन वर्षांपूर्वी गटाच्या शिबिरात फॉर्म भरला होता, आणि घरात कुणालाच माहीत नव्हतं. पासबुक तांदळाच्या डब्यात होतं.

दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबासाठी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना आहे. घरातली कमावती व्यक्ती १८ ते ५९ वयात गेली तर २०,००० रुपये एकदाच मिळतात, अर्ज तहसील कार्यालयात. ताईंनो, इथे नीट लक्ष द्या. या योजनेच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत घर चालवणारी गृहिणीसुद्धा कमावती धरली आहे. म्हणजे बाई बाहेर कामाला जात नव्हती, असं सांगून कुणी अर्ज परत करत असेल तर मागे फिरू नका, आम्हाला बोलवा. आपण वहीत लिहिलेली ती ३५ कामं सरकारच्या कागदातही मोजली जातात, एवढं आठवा. या घराला मात्र हे पैसे मिळाले नाहीत, त्यांचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नव्हतं. धाकट्यासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज केला आहे. आई किंवा वडील, दोघांतलं एक गेलं तरी अर्ज करता येतो, मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. पाठपुरावा लागतो, आमचा अजून चालू आहे.

एक अवघड गोष्टही लिहिते. बाई गेल्यावर तिच्या खात्यात योजनेचे पैसे येत राहतात आणि घरचे एटीएम कार्डाने काढत राहतात. अडचण असते, मला समजतं. पण ते बेकायदा आहे आणि पुढे वसुली निघते. बँकेला मृत्यू कळवा, खात्यातली आधीची रक्कम वारसाला रीतसर मिळते.

गटाच्या कर्जाचं काय झालं? ताईचं १८,००० रुपये कर्ज बाकी होतं, बचत ९,४०० होती. मुलीला वाटत होतं की हे आता तिच्या डोक्यावर आलं. तसं नसतं. माणूस गेला की त्याचं कर्ज त्याने मागे ठेवलेल्या पैशा-मालमत्तेतून फेडायचं असतं, तेवढ्यापुरतंच. वारसाने स्वतःच्या खिशातून भरायची सक्ती नाही. गटाने ठराव करून तीन महिने हप्ता थांबवला, बचत वळती केली, उरलेले वडिलांनी विम्याच्या पैशातून भरले. ठराव रजिस्टरमध्ये लिहा, तोंडी ठेवू नका. नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या घराला वेगळा न्याय लावला जातो आणि गट फुटतो.

या सगळ्यात खरी लढाई झाली ती दिवाळीच्या सुमारास. वर्षाच्या आत लग्न करून टाका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल, ही आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. नात्यातल्या एकांनी स्थळ आणलं. मुलगा चांगला, स्वतःची रिक्षा. पोरीच्या डोक्यावरचा भार कमी होईल, असं सगळे म्हणायला लागले. आजीही. मुलगी मला म्हणाली, "करून टाकते ताई. इथे करतेय तेच तिकडे करायचं." हे ती रागाने म्हणाली नाही, थकून म्हणाली, आणि म्हणून मी जास्त घाबरले.

ती तेव्हा १७ वर्षं चार महिन्यांची होती. १८ च्या आत लग्न हा गुन्हा आहे, जमवणाऱ्यांवर आणि लावणाऱ्यांवरही, हे मी सांगितलं. १०९८ हा मुलांसाठीचा मदतक्रमांक आहे, हेही सांगितलं. पण कायद्याने वडील गप्प झाले असते, पटलं नसतं. पटवलं ते आपल्या गटाच्या अध्यक्षताईंनी. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बायकोने गटातून पहिलं कर्ज कशाला घेतलं ते आठवतं का? पोरीच्या दहावीच्या क्लासला." वडिलांनी दोन दिवस घेतले. मग स्थळवाल्यांना फोन करून नाही म्हणाले. ते नातेवाईक अजून बोलत नाहीत. वर्षश्राद्धालाही आले नाहीत. किंमत पडतेच, ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

भेटायला जाणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका, कुणी सांगत नाही. त्यापेक्षा "मंगळवारी पाणी मी भरते" असं सांगा, आणि मंगळवारी जा. तेराव्यानंतर जा, दुसऱ्या महिन्यात जा, पहिल्या दिवाळीला जा. गेलेल्या बाईचं नाव घ्या, तिच्या गमती सांगा. तिचं नाव काढलं की घरच्यांना त्रास होईल असं आपल्याला वाटतं, पण त्यांच्या मनात ती असतेच. घरातल्या पुरुषाकडेही बघा. तो रडत नसेल तर पीत असेल, किंवा डबल पाळी करत असेल. गटातल्या एकीच्या नवऱ्याने या वडिलांना रविवारी गळ टाकायला खाडीवर न्यायला सुरुवात केली. दोघं तासन् तास बोलत नाहीत म्हणे, पण जातात.

आणि काही वेळा आपली सोबत पुरत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, सहा महिन्यांहून जास्त काळ रोजची कामंही होत नाहीत, किंवा कुणी "मलाही आईकडे जायचंय" असं म्हणत असेल, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नका. अशा माणसाला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलतात. मी स्वतः त्या मसाल्याच्या दिवसानंतर समुपदेशकाकडे गेले होते. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुलीला कशाला लागतं, असं मला वाटत होतं. लागलं.

मुलीने फेब्रुवारीत बारावीची परीक्षा दिली. ५४ टक्के पडले. आई असती तर ७० पडले असते असं ती म्हणते, असेलही. आता सकाळी कॉलेज आणि शनिवारी आईच्या जागेवर बाजार. भाव करताना अजून लाजते, गिऱ्हाइकं फायदा घेतात.

बैठकीत हा पाठ वाचून झाला की एक काम करायचं आहे. प्रत्येकीने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचं: पासबुक कुठे आहे, वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे, विम्याचे पैसे कापले जातात का, कुणाकडून किती येणं, कुणाला किती देणं, घरात कुणाला कोणती गोळी कधी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मुलीकडून किंवा मुलाकडून लिहून घ्यावं, म्हणजे त्यांनाही आपोआप कळेल. अशुभ वाटतं, असं तीन गटांत मला ऐकावं लागलं. मी म्हटलं, मग वरती "संसाराची वही" असं नाव घाला आणि खाली मसाल्याचं प्रमाणही लिहा.

त्या घरात मे महिन्यात मसाला झाला. आजीने मोढ्यावर बसून प्रमाण सांगितलं, वडिलांनी मिरच्या उन्हात घातल्या, मुलीने गटातल्या मावशींबरोबर डंकावर नेऊन कुटून आणला. मला पाव किलो दिला आहे. आईच्यापेक्षा तिखट झालाय, असं धाकटा सांगतो.